आत्याची नाइट ड्यूटी

समोरच्या दारावर परवा दुपारी चिठ्ठी दिसली : ‘रात्रपाळी आहे. बेल वाजवू नये.’ मला बेल वाजवायचीच नव्हती, तरी मी जिना चवड्यांवर उतरले.

सवय लहानपणची. आत्या नर्स. तिची नाइट ड्यूटी लागली की आमच्या घरात दिवसा रात्र व्हायची. खिडकीला जाड चादर, रेडिओ बंद, आणि आम्ही भावंडं खुणांनी भांडायचो. (खुणांच्या भांडणात कोण जिंकलं ते शेवटपर्यंत कळत नाही, ही त्यातली खरी मजा.) एवढं करूनही भरदुपारी आत्या टक्क जागी. ‘अंग मोडून आलंय, पण डोळा लागत नाही गं.’ आजी म्हणायची, ‘होईल सवय.’

ती कुठली व्हायला! १७२९ साली मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात कोंडून ठेवलं, तरी पानं आपली दिवसा उघडत नि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ रोपाच्या आतच होतं. आपलं घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, जेमतेम वीसेक हजार पेशींचं. ते चालतं आपलं आपणच, पण वेळ लावून घेतं उजेड बघून, ड्यूटीचा तक्ता बघून नाही. रात्रभर राबून घरी येताना ऊन डोळ्यांवर आलं की ते म्हणतं, उजाडलं, उठा. यकृताचं घड्याळ आणखी वेगळं. त्याचं लक्ष जेवणाच्या वेळांकडे. मध्यरात्री डबा उघडला की दोघांचं बिनसतं, आणि रक्तातली साखरही तेव्हा सावकाश उतरते. आत्याचं पोट कायम बिघडलेलं असायचं. आम्ही सगळे तिला चहा कमी करायला सांगायचो.

‘मला चार तास झोप पुरते’ असं छाती फुगवून सांगणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये मी त्यांच्या माना बघितल्या आहेत. पण ती निदान हौस तरी असते.

आत्याची हौस नव्हती. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच म्हटलं. आत्या तोवर रिटायर झाली होती. रात्री अडीच वाजताही सलाईन संपतं आणि ते कुणीतरी बदलायलाच हवं, हे मलाही कळतं. पण एकीला सलग किती रात्री लावायच्या आणि मध्ये किती सुट्टी द्यायची, हे ठरवणारे साहेब संध्याकाळी सहाला घरी जायचे.