तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधला रोही, म्हणजे नीलगाय, कोण काढतं?

माझी गेम पाहिली की गावातलं कोणीही हेच विचारतं, "काहून भाऊ, तुले तं साधा आंबा काढता येत नाही, मंग हा बुढा, हे डुकरं, हे रोही कोण काढून देते?" कोणीच नाही देत बाप्पा, मीच करतो, फक्त त्याला चित्र काढणं म्हणवत नाही.

गेम जागलीची आहे, रात्री हरभऱ्यात घुसणारे रोही न् रानडुकरं राखणीच्या बुढ्यानं टॉर्च मारून हाकलायचे, बस. सगळं पिस्केल नावाच्या चित्रं करायच्या टूलमध्ये होतं, फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं. कॅनव्हास १६ बाय १६, म्हणजे २५६ चौकटी, एक चौकट म्हणजे एक पिक्सेल, तेवढ्यात बोटं न् नखं काढायला चांगल्या आर्टिस्टलाही जागा नाही, म्हणून तिथं तो आणि मी जवळपास सारखेच. मारिओला मिशी न् टोपी का आहे, तर १९८१ च्या डाँकी काँग या गेममध्ये तोंड आणि केस दाखवायला पिक्सेलच पुरत नव्हते.

मी आधी सगळं नुसतं काळं भरतो. काळ्या आकारावरून जनावर ओळखू आलं नाही तर रंग देऊन काही फायदा नाही. रोहीचंच बघा, पाठ सपाट ठेवली की ती गाय दिसते, पण खांदा दोन पिक्सेल वर घेऊन पाठ मागं उतरती केली की शेजारचं पोट्टं लगेच ओरडतं, रोही! शिंगाला एकच पिक्सेल, कारण खऱ्या रोहीचंही शिंग बारकंच असतं. आणि हरभरा थंडीतला, म्हणून बुढ्याच्या अंगावर घोंगडं आलंच, त्यात दोन्ही हात झाकले गेले, मला तेच पाहिजे होतं! चालताना तो एक पिक्सेल वर-खाली होतो, डावीकडे वळला की तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं, झालं ॲनिमेशन.

रंग स्वतः निवडत बसू नका, लॉस्पेक या वेबसाइटवर तयार पॅलेट, म्हणजे जुळणाऱ्या रंगांचे संच, मिळतात, मी चारच रंगांचं घेतलं, जुन्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या मशीनलाही चारच छटा होत्या.

तयार पात्रं पाहिजे असतील तर केनी या वेबसाइटचे फुकट पॅक आहेत, लायसन्स सीसी झिरो, म्हणजे नाव द्यायचीही गरज नाही. ओपनगेमआर्ट या साइटवर मात्र प्रत्येक चित्राचं लायसन्स वाचा, बऱ्याच ठिकाणी क्रेडिट द्यावंच लागतं. आणि १६ पिक्सेलच्या बुढ्याशेजारी दुसऱ्या पॅकमधला ६४ पिक्सेलचा माणूस उभा करू नका, लगेच उसनवारी दिसते. तलवारवाले तिथं ढिगानं आहेत, घोंगडंवाला जागल्या मला काही दिसला नाही.

एआयचंही विचारता. वापरा, पण स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात गेम टाकायची असेल तर जानेवारी २०२४ पासून ते सांगावं लागतं, आणि माझा अनुभव असा की दर पोझला बुढा वेगळाच येतो, कधी मिशी, कधी नाही, मग तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा २५६ चौकटी भरलेल्या परवडतात. चौकटी भरायला पीसी जुना असला तरी चालतं, फक्त आमच्याकडे लाईनीचा भरवसा नाही, म्हणून डोळ्याचा पिक्सेल ठेवला की आधी फाईल सेव्ह.