बटणाच्या पोटात दडलेला हिशोब

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावरील कार्यालयात डेल्फी ७ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात लिहिलेली एक हिशोबप्रणाली आजही चालते आणि नाशिकमध्ये बसून तिची देखभाल मी करतो. काट्याची पावती आली की वजन आणि लिलावातील भाव भरायचा, हमाली, तोलाई, वाराई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी द्यायची, एवढेच तिचे काम आहे. दोन हंगामांपूर्वी एका शेतकऱ्याने पट्टीवरची रक्कम आणि खातेउताऱ्यावरची रक्कम यांत एक रुपयाचा फरक दाखवला. तो रुपया कुठून आला हे शोधण्यात माझे अडीच दिवस गेले.

पट्टीची रक्कम एका फॉर्मवरील (पडद्यावरच्या खिडकीतील) ‘छापा’ या बटणाच्या क्लिक इव्हेंटमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, काढली जात होती, तर खातेउताऱ्याची रक्कम दुसऱ्या फॉर्मवर पुन्हा मुळापासून काढली जात होती. पहिल्या ठिकाणी ‘राउंड’ हे फंक्शन वापरले होते आणि दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी अर्धा मिळवून ‘ट्रंक’ केले होते, म्हणजे दशांशानंतरचा भाग तोडला होता. डेल्फीचे ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते, म्हणजे १२,४१२.५० चे १२,४१२ होतात, पण १२,४१३.५० चे १२,४१४ होतात. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. दुसऱ्या रीतीने मात्र पहिल्या रकमेचे १२,४१३ होतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत; चूक एवढीच की एकच हिशोब दोन ठिकाणी राहत होता आणि त्या दोन ठिकाणांची एकमेकांशी ओळख नव्हती.

याला डेल्फीची सोयही थोडी जबाबदार आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये बोरलँडने अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली पहिली आवृत्ती आणली, तेव्हापासून फॉर्मवर बटण ठेवावे, त्यावर दोनदा क्लिक करावे आणि समोर उघडलेल्या रिकाम्या प्रोसीजरमध्ये लिहायला लागावे, हाच या साधनाचा सर्वांत मोठा मोह राहिला आहे. काम इतक्या लवकर होते की ते चुकीच्या जागी झाले हे लक्षात यायला वर्षे जातात. क्लिक इव्हेंटने फक्त निरोप्याचे काम करावे असे माझे मत आहे: एडिटमधले (मजकूर भरण्याच्या चौकटीतले) आकडे उचलावेत, हिशोब करणाऱ्या क्लासकडे (त्या कामाच्या स्वतंत्र कोडकडे) द्यावेत आणि आलेले उत्तर लेबलवर दाखवावे. त्यात चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर दिसला की मला संशय येतो.

हिशोबाचे युनिट (कोडची स्वतंत्र फाइल) वेगळे काढले, तरी ते खरोखर वेगळे झाले आहे का, हे तपासण्याची एक साधी खूण आहे. त्याच्या ‘युझेस’ यादीत, म्हणजे ते वापरत असलेल्या युनिटांच्या यादीत, फॉर्म्स, डायलॉग्ज किंवा डेटाबेसचे एखादे युनिट दिसत असेल, तर ते अजून पडद्याला चिकटलेले आहे. माझ्या पट्टीच्या क्लासला वजन, भाव आणि वजावटीचे दर दिले जातात आणि तो निव्वळ रक्कम परत देतो. चूक झाली तर संदेशाची खिडकी न उघडता एक्सेप्शन (चूक कळवणारा संकेत) उभे करतो. त्यामुळे फॉर्म न उघडता डीयुनिटएक्स या चाचण्यांच्या साधनात त्याच्या चाचण्या लिहिता आल्या आणि १२,४१२.५० ही रक्कम त्यांतली पहिली चाचणी झाली. डेटा मॉड्यूल (डेटाबेसचे घटक ठेवण्याची पडद्यावर न दिसणारी जागा) ही हिशोब ठेवण्याची पर्यायी जागा नव्हे, हेही सांगायला हवे, कारण फॉर्म मोकळा करण्याच्या उत्साहात मी स्वतः सगळे तिथे नेऊन टाकले होते आणि महिन्याभरात ती दुसरी अडगळीची खोली झाली.

दोन युनिटे इंटरफेस (बाहेरून दिसणाऱ्या) भागातून एकमेकांना वापरू लागली की कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर अडवतो, पण त्यांतील एक उल्लेख इम्प्लिमेंटेशन (आतल्या) भागात नेला की तो गप्प बसतो. बहुतेक जण तेवढे करून पुढे जातात. माझ्या अनुभवाप्रमाणे अशा वेळी दोघांना लागणारी गोष्ट तिसऱ्या युनिटात काढायची असते. एका फॉर्मने दुसऱ्या फॉर्मच्या ग्लोबल (कुठूनही वाचता येणाऱ्या) व्हेरिएबलमधून थेट ‘एडिट७’चा मजकूर वाचणे, हा त्याच रोगाचा आणखी वाईट प्रकार आहे. लागणारी माहिती प्रॉपर्टीतून किंवा ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कन्स्ट्रक्टरमधून द्यावी. नियंत्रणांना अर्थपूर्ण नावे द्यावीत हे वेगळे सांगायला नकोच.

पैशांसाठी ‘डबल’ हा अपूर्णांक बायनरीत ठेवणारा प्रकार वापरू नये. त्यात दहा पैसेसुद्धा नेमके मावत नाहीत. ‘करन्सी’ हा प्रकार रक्कम दहा हजारपट करून ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवतो, त्यामुळे दशांशानंतरची चार स्थळे नेमकी राहतात.

‘विथ’चा, म्हणजे मालकाचे नाव एकदाच लिहून आत त्याचे भाग नुसत्या नावाने वापरण्याच्या सोयीचा, वापर मी पूर्णपणे बंद केला आहे. तो टाइप करायचे कष्ट वाचवतो, पण कोणते नाव कोणाचे आहे हे झाकून टाकतो. पट्टी छापण्याच्या जुन्या कोडमध्ये एका आयतावर ‘विथ’ लावून आत ‘विड्थ’ लिहिले होते आणि डेल्फी ७ मध्ये त्याचा अर्थ फॉर्मची रुंदी असा होत होता. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘टीरेक्ट’ या आयताच्या प्रकाराला स्वतःची ‘विड्थ’ मिळाली, तेव्हा तीच ओळ कोणतीही तक्रार न करता कंपाइल झाली आणि चौकट भलतीकडे छापली गेली.

ऑब्जेक्ट तयार करण्याची ओळ ‘ट्राय’च्या आधी असावी, आत नव्हे; ‘ट्राय’मध्ये चूक झाली तरी त्यानंतरचा ‘फायनली’ भाग चालतोच. कन्स्ट्रक्टर फसला तर लोकल व्हेरिएबलमध्ये कचरा असतो आणि ‘फायनली’ तोच कचरा मोकळा करायला जाते. रिकामा ‘एक्सेप्ट’, म्हणजे चूक पकडून काहीच न करणारा भाग, तर मला चोराला घराची किल्ली देण्यासारखा वाटतो. या प्रणालीत असे एकोणीस निघाले आणि त्यांतील तीन खऱ्या चुका गिळत होते. प्रोजेक्ट फाइलमध्ये ‘रिपोर्टमेमरीलीक्सऑनशटडाउन’ खरे करून ठेवावे. मोकळे न केलेले ऑब्जेक्ट प्रोग्रॅम बंद करताना समोर येतात.

डेल्फी २००९ पासून ‘स्ट्रिंग’ युनिकोड झाली आणि एका ‘कॅर’ला (अक्षराच्या एककाला) दोन बाइट लागू लागले. स्ट्रिंगची लांबी म्हणजेच बाइटांची संख्या असे गृहीत धरून बाइटांची नक्कल करणारे ‘मूव्ह’ वापरलेल्या प्रत्येक ओळीकडे त्यामुळे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. आपल्याकडे आणखी एक पेच असतो, तो म्हणजे शेतकऱ्यांची नावे जुन्या मराठी फाँटमध्ये भरलेली असतात आणि ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. हे रूपांतरही मी वेगळ्या युनिटात ठेवले आहे.

पट्टी आणि खातेउतारा आता एकाच क्लासकडून रक्कम घेतात. हमालीच्या अहवालाचे दोन फॉर्म अजून जुन्याच पद्धतीने आपापला हिशोब करतात आणि नव्या लाल कांद्याची आवक सुरू होण्याआधी ते मला उरकायचे आहेत, कारण एकदा खळ्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली की मालक संगणकाला हात लावू देत नाहीत.