तीन पत्तीची सवय आणि पोकरमधले चढउतार

कोल्हापुरात घरगुती पोकरला बसणारे बहुतेकजण तीन पत्तीतून आलेले असतात. दिवाळीची रात्र, लग्नघर, गणपतीचं जागरण, हात तिथंच बसलेला असतो. आणि तीन पत्ती एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवते: पत्ते वाटले की निकाल लागला, फक्त शो व्हायचा बाकी. तुमच्याकडं राजाची जोडी आणि समोर दश्शीची, तर शो घेतल्यावर शंभरातल्या शंभर वेळा डाव तुमचाच.

होल्डेममध्ये, म्हणजे पोकरच्या नेहमीच्या प्रकारात, तोच सामना वेगळा होतो, कारण दोन-दोन पत्ते हातात आल्यावर अजून पाच टेबलावर उघडायचे असतात. राजाची जोडी दश्शीच्या जोडीला शंभरात साधारण ८१ वेळा हरवते. समोर एक्का-सत्ती असेल तर साधारण ७० वेळा. उरलेल्या वेळी जे होतं त्याला आपण 'नशीब फुटलं' म्हणतो, पण ते खेळाच्या बांधणीतच आहे.

जाता जाता एक खबरदारी. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. दोन्ही नियम बरोबरच आहेत. तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ तयार होतात. पाच पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मीळ ते वर. नवा गडी बसला की पहिल्या वाटणीआधीच हे सांगून टाकावं, नाहीतर मोठ्या पॉटवर (मधे जमलेल्या चिप्सवर) वाद ठरलेला.

आता नेहमी ऐकू येणारी तक्रार (कॉल म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स टाकून डावात राहणं): "समोरचा काहीही घेऊन कॉल करतो, मग चांगले पत्ते असून उपयोग काय?" दोन एक्के हातात आहेत असं धरू. समोर कोणतेही पत्ते घेऊन एकच गडी राहिला तर तुम्ही शंभरात ८५ वेळा जिंकता. दोघं राहिले तर ७३, तिघं राहिले तर ६४, चौघं राहिले तर ५६, पाचजण राहिले तर ४९. म्हणजे खेळातली सगळ्यात भारी जोडी घेऊन पाचजणांना आत येऊ दिलंत, तर हरण्याची शक्यता जिंकण्यापेक्षा किंचित जास्त.

पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. एकाशी लढताना १०० चिप्स घातल्या तर सरासरीनं १७० परत येतात. पाचजणांशी लढताना १०० घातल्या तर पॉट ६०० चा, त्यातले ४९ टक्के म्हणजे साधारण २९५. मोकळं खेळणारं टेबल तुम्हाला जास्तच देतं, फक्त सारख्या हप्त्यानं देत नाही. एका रात्री ढीगभर, मग तीन रात्री काहीच नाही. नफा आणि चढउतार एकाच गोष्टीतून येतात, एक ठेवून दुसरं काढता येत नाही. म्हणून 'काहीही घेऊन कॉल करणाऱ्या' गड्याला चिडून बोलणं मला साफ चूक वाटतं. तुमच्या चिप्स त्याच्याकडूनच येणार आहेत.

टूर्नामेंटमध्ये टोचतं ते एवढंच की चिप्स संपल्या की उठावं लागतं. प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता ८० टक्के असताना ऑल-इन झालात, म्हणजे सगळी रास लावलीत, तरी लागोपाठ पाच वेळा टिकण्याची शक्यता ३३ टक्के. त्यामुळं सगळी रास पुन्हापुन्हा पणाला लावायची वेळच कमी येईल असं बघायचं, आणि त्याची सुरुवात फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या, आधीच होते.

एक डाव बारकाईनं बघू. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीनं टाकाव्या लागणाऱ्या चिप्स, १००-२००; त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड. तुमच्याकडं ६,००० च्या चिप्स आणि हातात इस्पिक एक्का, किलवर एक्का. तुमच्या आधी तिघांनी नुसते २००-२०० टाकलेत. सवयीनं ६०० चा रेझ केलात, म्हणजे चाल वाढवलीत, तर ते तिघंही येणार आणि बिग ब्लाइंड टाकलेलाही. पॉट ३,१०० चा, समोर चारजण, तुमची शक्यता ५६ वर. अशा टेबलावर ठोकताळा असा: बिग ब्लाइंडच्या चौपट, अधिक नुसते टाकून आलेल्या प्रत्येकामागं आणखी एक. इथं ८०० आणि ६००, म्हणजे १,४००. तरी दोघं येतील, येऊ द्यात. पॉट ४,७०० झाला, तुमच्याकडं ४,६०० उरले. फ्लॉपवर बदाम राणी, बदाम नव्वी, किलवर चौकी. आता विचार करत बसू नका, सगळं आत सरकवा.

समजा बदामाचे दोन पत्ते असलेल्यानं कॉल केला. त्याला कलरसाठी ९ पत्ते चालतात, दोन पत्ते अजून यायचेत, तो तीनातून एकदा जिंकणार. त्याला ४,६०० भरून एकूण १३,९०० च्या पॉटसाठी खेळायचंय, म्हणजे ३३ टक्के लागतात, आणि जवळपास तेवढे त्याच्याकडं आहेत. त्या जागी त्याचा कॉल चूक नाही! चूक झाली असेल तर ती आधी, कसले तरी दोन बदाम घेऊन १,४०० भरताना. पुढं रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्यावर, तिसरं बदाम पडलं तर डाव गेला, पण तुमच्या खेळात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

ब्लफचं थोडक्यात. जो पत्ते टाकतच नाही त्याला घाबरवता येत नाही. तीन पत्तीत ब्लाइंड चाल वाढवत समोरच्याला पॅक करायला लावण्याची सवय असते. इथं तीच रास रिकामी करते. एकटा समोर असेल तर फ्लॉपवर एकदा बेट ठीक, पण कॉल आला की थांबा. भारी पत्ते लपवून हळू खेळणंही नको. ज्याला कॉल करायचाच आहे त्याच्याकडून प्रत्येक पत्त्यागणिक वसूल करा, कारण फुकटात दाखवलेल्या पत्त्यावर त्याची दुसरी जोडी लागते. छोट्या जोड्या स्वस्तात बघाव्यात: फ्लॉपवर तिसरा पत्ता साडेआठात एकदाच येतो, पण आला की अशा टेबलावर पुरेपूर पैसे, म्हणजे चिप्स, मिळतात.

रास १० बिग ब्लाइंडच्या खाली आली की ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणं), मधलं काही नाही. इथं बरेचजण उलटी निवड करतात. पंजी-छक्की एका रंगाची असेल तर ती बरी वाटते, पण समोरचा फोल्ड करणार असेल तेव्हाच ती कामाची. कॉल येणारच असेल तर नुसत्या मोठेपणावर जिंकणारे पत्ते हवेत: कुठलीही जोडी, एक्क्याबरोबर सत्ती-अठ्ठी, राजा-गुलाम.

आता बैठक मांडणाऱ्यासाठी. टूर्नामेंट निव्वळ छापा-काटा होण्याला निम्म्या वेळा खेळाडू जबाबदार नसतात, ब्लाइंड जबाबदार असतात. ९ जण, प्रत्येकी ३,००० च्या चिप्स आणि दर १० मिनिटांनी ब्लाइंड वाढ असं ठेवलं तर सव्वा तासात ४००-८०० येतं. टेबलावर एकूण २७,००० च्या चिप्स, म्हणजे सगळ्यांच्या मिळून ३४ बिग ब्लाइंडसुद्धा नाहीत. मग कौशल्याला जागाच कुठं राहिली?

प्रत्येकी ५,००० द्या: २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४, १,००० च्या २. नऊजणांना १९८ चिप्स लागतात, ३०० च्या संचात आरामात बसतं. ब्लाइंडच्या पायऱ्या २० मिनिटांच्या: २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ५००-१,०००, ७००-१,४००, १,०००-२,०००. १५०-३०० संपलं की २५ च्या चिप्स गोळा करून १०० च्या द्यायच्या. एकूण चिप्सना २० नं भागलं की बिग ब्लाइंड साधारण कुठवर गेल्यावर खेळ संपेल ते कळतं; इथं २,२५०, म्हणजे अकराव्या पायरीच्या आसपास. साडेआठला बसलात तर बारा-सव्वाबारापर्यंत उठाल. हवे तितके रीबाय (चिप्स संपल्यावर नवी रास घेणं) ठेवू नका. फुकटची रास मिळतेय म्हटल्यावर पहिल्या तासात कुणीच पत्ते टाकत नाही. एकच, तोही चौथ्या पायरीपर्यंत.

हे सगळं चिप्सवरच्या खेळासाठी लिहिलंय. पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या कायद्यानं बंद झालंय, आणि घरच्या बैठकीतही पैसा आणू नये असंच माझं मत आहे. त्याऐवजी वर्षभराच्या १२ बैठकांची गुणांची वही ठेवा. पहिल्या पाच जणांना १०, ७, ५, ३, २ असे गुण द्या. फक्त विजेता लिहाल तर फसाल. नऊजणांत सरासरी गडी ११ टक्के वेळा जिंकतो. त्याच्याहून चांगला, १५ टक्के वेळा जिंकणारा गडी १२ बैठकांत एकदाही जिंकणार नाही याची शक्यता १४ टक्के आहे. आणि सरासरी गडी त्याच १२ बैठकांत तीन किंवा जास्त वेळा जिंकेल, याचीही शक्यता १४ टक्केच! दुसरा-तिसरा क्रमांक मोजला की चित्र जरा लवकर स्वच्छ होतं.

वहीच्या मागच्या पानांवर आपले ऑल-इन लिहा: कोणते पत्ते कशाविरुद्ध, चिप्स आत गेल्या त्या क्षणी शक्यता किती, आणि निकाल. दहा झाले की टक्क्यांची बेरीज करा. ती ६५० आली तर साडेसहा डाव तुमच्या वाट्याचे. पाच आले किंवा आठ आले तर ते नेहमीचंच आहे. बेरीजच ४०० च्या आसपास येत असेल, तर बहुतेक वेळा मागं असताना रास आत घातली जातेय, आणि मग रिव्हरला नावं ठेवण्याआधी फ्लॉपपूर्वीचे आपलेच कॉल तपासायचे.