मंजूर न झालेलं विधेयक

लोकसभेत खासगी सदस्याच्या विधेयकाला शुक्रवार मिळतो, तोही दुपारनंतरचा. शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांचे. एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव. तोवर बरेच खासदार मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात. महाराष्ट्रातल्या ज्या खासदारांकडे मी संशोधन सहायक म्हणून काम करत होते, त्यांना असं एक विधेयक आणायचं होतं, आणि मसुदा माझ्याकडे आला होता.

विषय दरडींचा. 2014 साली माळीण, 2021 ला तळिये, 2023 ला इर्शाळवाडी. दरड कोसळली की पंचनामे होतात, मदत जाहीर होते, नेते येऊन जातात. धोक्याच्या उतारावरची दुसरी वाडी मात्र पुढच्या पावसाळ्यातही तिथेच असते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती करून अशा वस्त्यांच्या पुनर्वसनाला मुदत घालावी, एवढाच आमचा मुद्दा होता. विधेयकाची नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते. ती द्यायच्या दिवशी सकाळीच साहेबांनी फाइल माझ्याकडे परत सरकवली.

"आजवर अशी किती बिलं पास झाली गं?"

"चौदा."

"एवढ्या वर्षांत चौदा. शेवटचं कधी?"

"1970 साली, साहेब. आनंद नारायण मुल्लांचं. फाशी-जन्मठेपेच्या काही खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता यावं म्हणून."

पीए म्हणाले, "मग शून्य प्रहरात बोलू या. दोन मिनिटांचं भाषण, क्लिप गावोगाव फिरेल." त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. साहेबांनी मला सांगितलं, "हे कशासाठी आणायचं, ते दोन पानांत लिहून दे. दुपारपर्यंत."

मी नाथ पैंकडे वळले. साठच्या दशकातले हे कोकणातले खासदार; त्यांचंही एक खासगी विधेयक मंजूर न होताच संपलं होतं. जुने वादविवाद आता स्कॅन करून ठेवलेले आहेत, त्यामुळे टेबलावरूनच वाचता येतात. चौथ्या लोकसभेचे ते खंड वाचायची सवय व्हावी लागते. पानांऐवजी स्तंभांचे आकडे, इंग्रजी भाषणाच्या मधोमध कुणाचं तरी हिंदी वाक्य, आणि जिथे गदारोळ झाला तिथे कंसात नुसता 'व्यत्यय'. अध्यक्षांनी काढून टाकायला सांगितलेल्या शब्दांच्या जागी फुल्या. मला हे वाचन आवडतं. सभागृहातला माणूस विचार करताना दिसतो तो इथेच. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फक्त निष्कर्ष येतो.

27 फेब्रुवारी 1967 ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. खटला पंजाबातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचा, पण त्याचा धक्का देशभरच्या जमीनसुधारणांना बसणार होता. नवी लोकसभा नुकतीच निवडून आली होती. निकालाला सहा आठवडेही झाले नव्हते, तोच 7 एप्रिलला, शुक्रवारी, राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी विधेयक मांडलं: घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलम 368 मध्ये दुरुस्ती करून संसदेला घटनेचं कोणतंही कलम बदलता येईल, हे स्पष्ट लिहावं. प्रजा समाजवादी पक्षाचा, विरोधी बाकावरचा हा सदस्य. सरकारने आपणहून काही आणायच्या आत त्याने हात घातला.

तो का घातला असेल, हे कोकणातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. खोतीच्या मुलखातून निवडून आलेल्या समाजवाद्याला जमिनीचा कायदा कोर्टात अडकणं म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. हा माझा तर्क आहे, पण वेंगुर्ल्याचा हा माणूस संसदेच्या अधिकाराविषयी इतक्या पोटतिडकीने का बोलतो, याचा दुसरा उलगडा मला होत नाही.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चेत राहिलं आणि मंजूर झालंच नाही. 27 डिसेंबर 1970 ला लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा तेही संपलं. तीन आठवड्यांनी, 18 जानेवारी 1971 ला, नाथ पै बेळगावात वारले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा तोच होता.

इथवर माझं टिपण सोपं होतं: विधेयक पडलं, विचार जिंकला. हे दीड पानात बसत होतं. पण त्याच चर्चेत मधु लिमये आहेत, आणि ते विरोधात आहेत.

दोघेही 1922 चे. दोघेही समाजवादी चळवळीतून आलेले मराठी माणसं. लिमये गोवा मुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेले आणि आता बिहारमधल्या मुंगेरचे खासदार. जमीनदारांची बाजू घेण्याचा संशय त्यांच्यावर कुणी घेऊच शकत नव्हतं. त्यांचा हरकतीचा मुद्दा सत्तेचा होता. आज चांगल्या कामासाठी संसदेच्या हाती दिलेला अधिकार उद्या कुणाच्या हाती जाईल? 1975 साली त्याचं उत्तर मिळालं. आणीबाणीत लिमये तुरुंगात होते; लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा त्यांनी तिथूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्याआधी, 1973 च्या केशवानंद भारती निकालाने गोलकनाथ रद्द करून संसदेला दुरुस्तीचा अधिकार परत दिला, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही, असंही सांगितलं. माझ्या मते त्या निकालात नाथ पै आणि लिमये, दोघांचंही म्हणणं पोचलेलं आहे.

मी दीड पान खोडलं आणि दोघांना शेजारी शेजारी ठेवून पुन्हा लिहिलं.

साहेबांनी जेवता जेवता वाचलं. हा वकिलीतून आलेला माणूस. गोलकनाथ त्यांना तोंडपाठ, पण लिमयांचा विरोध त्यांच्या लक्षात नव्हता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आपल्या बिलात लिमये कोण?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पीएंनीच दिलं. ते स्वतः डोंगरपट्ट्यातले. "ज्याला उठवायचंय तोच, साहेब. मुदत घातली की कलेक्टर मुदत गाठणार. पोलीस घेऊन वाडी खाली करतील आणि पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकतील. कायद्यात लिहिलंय म्हणतील."

आमच्या मसुद्यात सरकारवर बंधन होतं, पण वाडीतल्या माणसाला नाही म्हणायची जागा कुठेच नव्हती. साहेबांनी लगेच मतदारसंघातल्या एका सरपंचबाईंना फोन लावला. त्यांच्या गावातली एक वाडी धोक्याच्या यादीत आहे. स्पीकरवर त्या म्हणाल्या, "जीव वाचवायला कोण नको म्हणेल, दादा? पण भात खाली, घर पाच कोसांवर, असं नका करू. आणि गुरं कुठं चरतील ते आधी सांगा."

त्या तासाभरात मी तीन गोष्टी घातल्या. जागा निवडताना ग्रामसभेची संमती. मूळ शेतजमिनीवरचा हक्क कायम. आणि नव्या वसाहतीला लागून गायरान. पावसाळ्यापुरतं तात्पुरतं स्थलांतर संमतीवाचून करता येईल, कायमचं नाही, हा फरक साहेबांनी स्वतः लिहिला. त्या वाक्यावर आमचा खूप वाद झाला. "कायमचं" म्हणजे किती महिने, असं पीए विचारत होते, आणि ते बरोबर विचारत होते. शेवटी आकडा टाकला.

शून्य प्रहराचा विषय पुन्हा निघाला नाही. कार्यालय बंद व्हायच्या आत पीए सही केलेली नोटीस घेऊन निघाले. मी सरपंचबाईंना कलमं मराठीत करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. रात्री त्यांचा उलट प्रश्न आला: वाडीतल्या ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांचं काय?

त्याचं उत्तर त्या मसुद्यात नव्हतं. दुरुस्तीची सूचना कशी द्यायची, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी नियमांच्या पुस्तकात शोधायला घेतलं.