चोर्ला घाट, लायनरचा वास आणि न घासता लागणारा ब्रेक

मागच्या पावसाळ्यात मामाच्या गाडीतून गोव्याला गेलतो. भाजीची गाडी, सहा चाकी, बेळगावात रात्री भरायची, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला उतरायचा नि उजाडायच्या आत गोव्यातल्या साखळी गावाच्या पुढं पोचायचं, मामाचं हे कैक वर्षं चाललंय. त्या रात्री एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी जड करणारी झडप जाम झालेली, घाटाच्या तोंडाला गेल्यावर कळलं. गेअर खालचाच होता पण वजन ढकलत होतं, मग पायातल्या ब्रेकवरच सगळा घाट आला. निम्म्यात वास यायला लागला. ज्यानं हा वास एकदा घेतलाय त्याला सांगायला नको, जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकमधे ड्रमला आतनं घासणाऱ्या अस्तराचा, नाकात बसतो तो बसतोच.

"वास येतोय न्हवं मामा?"

"येतोय रे. बोलू नकोस आता."

घाट उतरून केरीत गाडी बाजूला घेतली नि खाली उतरलो तर मागच्या डाव्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेववेना, धग लागत होती, आणि वरनं पावसाचा थेंब पडला की चर्र करून वाफ. मामा दहा मिनिटं काही बोललाच नाही, नुसता चाकाकडं बघत उभा. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय बसलाय, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब बघा. गाडी भरून १६ टन धरा, आणि घाटात उंची ६०० मीटर कमी होते असं धरा. एवढं वजन एवढं खाली आलं की जी ऊर्जा सुटते ती जवळजवळ ९४ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत २६ युनिट. तेवढ्यात ३०० लिटर गार पाणी उकळीला येतं. आणि हे सगळं वीसेक मिनिटांत, म्हणजे २ किलोवॅटचे ३९ गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. थोडं इंजिन खातं, थोडं वारा खातो, पण इंजिननं साथ सोडली की उरलेलं सगळं चार कोपऱ्यांतल्या ड्रममध्येच जाणार, दुसरी वाटच नाही. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, लायनर तापला की त्याची पकड जाते, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी तशीच पळत राहते. ब्रेक फेल झाला म्हणतात ना, त्यात पुष्कळदा मोडलेलं काहीच नसतं, नुसतं तापलेलं असतं.

आता खरा मुद्दा. माझा एक मित्र लांब पल्ल्याच्या स्लीपर बसवर आहे, त्याच्या गाडीला रिटार्डर म्हणून वेगळा ब्रेक आहे, त्याची स्टिअरिंगजवळ एक छोटी दांडी, चार टप्प्यांची. उतार लागला की एक टप्पा ओढायचा, गाडी जडावते, अजून एक ओढायचा, अजून जडावते, आणि पाय ब्रेकवर नाहीच. गाडी उद्यमबागेजवळच्या एका गॅरेजात लागलेली तेव्हा खाली शिरून बघितलं. गेअरबॉक्स नि मागच्या चाकांमधलं हाऊसिंग यांच्या मधे चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट असतो, त्याच्यावर दोन जाड लोखंडी चकत्या, मागंपुढं वाकड्या पात्या असलेल्या, पंख्यासारख्या. त्या शाफ्टबरोबर फिरतात. दोन चकत्यांच्या मधे चेसिसला घट्ट बांधलेलं तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांचं कडं, ते फिरत नाही. गुंडाळी नि चकती यांच्यात फट एक-दीड मिलिमीटरची, कुठंच काही टेकत नाही. चकत्यांचा रंग मात्र निळसर-जांभळट झालेला, लेथवर चीप तापली की येतो ना तसाच. आमच्याकडच्या मशीनशॉपमधल्या पोरांना हा रंग लांबनं ओळखू येतो. म्हणजे इथं काहीतरी जबरदस्त तापतंय हे दिसत होतं, आणि घासल्याचा एक ओरखडा नव्हता!

मग हे थांबवतंय कसं? याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या घरात वर्षानुवर्षं भिंतीवर लटकत होतं. जुना विजेचा मीटर आठवा, आत अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्या कडेला काळी नाहीतर लाल खूण. लहानपणी मी दिवा घालवून पळत जाऊन बघायचो, चकती लगेच थांबते का म्हणून. थांबायचीच. का, तर तिच्या एका कडेला चुंबक असायचा, चकती त्याच्या तोंडातनं फिरायची. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपल्याला ठाऊक, पण धातू चुंबकापुढनं सरकला की त्याच्या अंगात वीज फिरायला लागते, नदीतल्या भोवऱ्यासारखी गोल गोल, म्हणून भोवरा प्रवाह म्हणतात, इंजिनीअर लोक एडी करंट म्हणतात. आणि ही वीज स्वतःचा चुंबक तयार करते जो हलण्याच्या उलट ओढतो. लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञानं १८३४ मधे हा उलट ओढण्याचा नियम मांडला, आणि १८५५ मधे फूको, लंबक टांगून पृथ्वी फिरते हे दाखवणारा तोच, त्यानं दाखवलं की चुंबकाच्या तोंडात तांब्याची चकती फिरवायला जास्त जोर लागतो आणि ती चकती तापते. मीटरमधला ब्रेक नि बसखालचा ब्रेक, दोन्ही सख्खे भाऊ. फरक एवढाच की मीटरमधे कायमचा चुंबक, बसखाली गुंडाळ्या, २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या. दांडीचा एकेक टप्पा म्हणजे अजून काही गुंडाळ्या चालू. फ्रान्समधे राउल साराझिन यानं १९३६ मधे गाड्यांसाठी हे प्रत्यक्षात आणलं, म्हणजे गोष्ट नवी अजिबात नाही.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की उष्णता ऱ्हातेच, २६ युनिट कुठंतरी जाणारच, पण ती चाकात न जाता गाडीच्या मधोमध उघड्या वाऱ्यात जाते, आणि त्या वाकड्या पात्याच वारा ओढून चकती गार करतात. चाकातला ब्रेक घाटभर गार राहतो, म्हणजे वळणावर अचानक म्हस आडवी आली तर पाय दाबल्यावर ताजा ब्रेक मिळतो. घाटात जीव वाचतो तो यानं. रेल्वेचंही साधारण असंच, कॅसलरॉक ते कुळे उतार ३७ ला १ आहे, तिथं उतरताना डिझेल इंजिनाच्या मोटरी उलट वीज करतात नि ती रेझिस्टरच्या जाळ्यात जाळून टाकतात, चाकं घासायची कमी.

पण याच्या मर्यादा आहेत आणि त्या माहीत नसल्या तर घात होईल. चकती फार तापली तर तिचा विजेला विरोध वाढतो नि जोर बराच कमी होतो, म्हणून खालचा गेअर लागतोच. जोर फक्त मागच्या चाकांना जातो, त्यामुळं चोर्ल्यासारख्या पावसात, शेवाळलेल्या रस्त्यावर एकदम चौथा टप्पा ओढला तर मागची चाकं घसरू शकतात. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊन घसरू न देणारी यंत्रणा, असेल तर चाक घसरतंय कळल्यावर रिटार्डर आपोआप सुटतो, नसेल तर एकेक टप्पा हळूच.

हे सगळं मी मामाला गेल्या आठवड्यात कागदावर चित्र काढून सांगितलं. शाळा सातवीत सुटलेली पण प्रश्न असा विचारला की मी गप्पच झालो.

"चकती फिरली तर वीज होते म्हणालास. मग गाडी थांबायला आली की?"

बरोबर. वेग कमी तसा जोर कमी, आणि थांबली की शून्य. उतारावर उभी गाडी हा ब्रेक धरूच शकत नाही, तिथं ड्रमच पाहिजे, हँडब्रेक पाहिजे, चाकाला दगड पाहिजे.

"वजन किती ह्याचं?"

"मोठ्या गाडीचं अडीचशे-तीनशे किलो."

मामानं मनात भागाकार केला. "म्हणजे टोमॅटोचे बारा क्रेट." बराच वेळ कागद हातात धरून बसला, त्या चकतीच्या चित्रावर अंगठा फिरवत. मामीनं चहा आणून ठेवला तो निवला. मग म्हणाला, "त्या रात्री कुणी म्हणालं असतं तर बारा क्रेट तिथंच कणकुंबीत उतरून ठेवलो असतो बग मी."