निझवाचा शुक्रवारचा बकरी बाजार

ओमानमधलं निझवा मस्कतहून गाडीने दीड-दोन तासांवर, रस्ता झकास. म्हणूनच बरेच जण शुक्रवारी निवांत चहा-नाश्ता करून निघतात आणि पोचेपर्यंत बाजार उठलेला असतो. सकाळी साडेसहा-सातला सौदे सुरू होतात, नऊनंतर गर्दी ओसरते. तेव्हा गुरुवारी रात्रीच मुक्कामाला जा. किल्ल्यालगतच्या हारत अल-अक्र या जुन्या वस्तीत मातीच्या घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत; तिथून बाजार चालत गाठता येतो. गाडी असेल तर वाडीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पात्रातल्या पार्किंगमध्ये लावतात. डोंगरात ढग दिसले तर मात्र तिथे लावू नका, पाणी अचानक येतं.

बाजाराची रचना बघण्यासारखी आहे. छपराखाली एक गोल ओटा, त्याभोवती फिरायची वाट आणि वाटेच्या बाहेर पुन्हा गिऱ्हाइकांचं कडं. विकणारे दोरीला धरून बकऱ्या फिरवत राहतात, करडं थेट काखेत मारलेली. तोंडाने भावाचा पुकारा चालूच. कुणी हात केला की थांबायचं. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं, कास चाचपतं, पाठीच्या कण्यावरून अंगठा दाबत नेतं, आणि नाक मुरडून कमी भाव सांगतं. पटलं तर दोरी हातात, नाहीतर पुढची फेरी. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. इथे आकडा साऱ्या रिंगणाला ऐकू जातो. खमसीन (पन्नास), सित्तीन (साठ), सबईन (सत्तर) एवढं कानात बसवून गेलात तरी मजा दुप्पट होते. आकडे रियालमध्ये असतात आणि एका रियालला दोनशेच्या वर रुपये पडतात, हे लक्षात ठेवून ऐका! ईदच्या आधीच्या शुक्रवारी तर पाय ठेवायला जागा नसते.

बुरख्याचा ताठ मुखवटा घातलेल्या बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या) बायका इथे खरेदी-विक्रीला येतात आणि घासाघीस करण्यात पुरुषांना हार जात नाहीत. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. खरं तर हल्ली कॅमेरेवाले इतके झालेत की कधी कधी बकऱ्यांपेक्षा तेच जास्त दिसतात, आणि फिरायच्या वाटेत उभे राहून लोकांचा धंदा अडवतात. बाहेरच्या कड्यामागे उभं राहा, तिथूनही सगळं दिसतं. बैल रिंगणात आले की तर नक्कीच मागे सरका. बिथरलेला बैल दोरीवाल्यालाच ओढत नेतो. बंद बूट घाला, खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

बाजार बघून झाला की शेजारच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, शिरा. भाजी आणि मासळीचे विभाग झटपट उरकले तरी चालतील, खजुराला मात्र वेळ द्या. खलास, फर्द, खुनैझी असे प्रकार चाखायला देतात. मला खलास सगळ्यात आवडला. ओमानी हलवा तूप, साखर, केशर, वेलची, गुलाबपाणी घातलेला, चिकट आणि भयंकर गोड. अर्धा चमचा पुरतो. सोबत कडू कहवा, म्हणजे अरबी कॉफी, येतो. पुरे झालं की रिकामा पेला हलवून परत द्यायचा, नाहीतर भरतच राहतात. दुकानांत हिंदी सर्रास चालते. सुटे रियाल जवळ ठेवा. जवळच्या बहला गावची मातीची भांडी छान असतात, पण विमानात सांभाळून न्यावी लागतात.

साडेअकराच्या सुमारास जुम्म्याच्या नमाजासाठी दुकानं मिटायला लागतात, म्हणून सतराव्या शतकातला किल्ला त्याआधीच बघून घ्या. गोल बुरुजाच्या माथ्यावरून खजुराच्या बागांचा हिरवा पट्टा दिसतो. दुपारी जवळचा जबल अखदर हा डोंगर चढायचा बेत असेल तर गाडी फोर-व्हील ड्राइव्हच घ्या. साध्या गाडीला पायथ्याच्या बिरकत अल-मौझ गावापुढच्या पोलीस चौकीवरूनच परत पाठवतात.