देव्हाऱ्यातला घोडेस्वार

कामठीच्या त्या चर्चला मला तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा दार उघडं होतं, पण दुपारचे दोन वाजून गेले होते आणि जिच्यासाठी नागपूरहून एवढी आले ती वेदीमागची रंगीत काचेची खिडकी विझल्या चुलीसारखी काळी दिसत होती. मागे जाऊन बाहेरून बघितलं तर आणखीच निराशा: शिशाच्या पट्ट्या, धूळ, कबुतरं आणि वरून ठोकलेली जाळी.

अंगण झाडणारे काका म्हणाले, "आता काय दिसन जी बाई? सकाऊन या. ऊन डोकावलं का मंग पाहा."

मला राग आला होता. चर्च कधी उघडं असतं एवढी एक ओळ फाटकावर लिहायला काय हरकत आहे? लांबून येणारा माणूस गेटच्या सळ्या धरून किती वेळ उभा राहणार? रिक्षावाल्याला तर मी ड्रॅगन पॅलेसचं बुद्धविहार सोडून इकडे का आले हेच कळेना. पण काकांचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते, म्हणजे तिच्यामागची खिडकी सकाळचीच. रंगीत काच आतून बघायची आणि तिच्यामागे सूर्य असताना बघायची, हे मला आधी कळायला हवं होतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि लगेच भाचीचं लग्न होतं, म्हणून मी आठवडाभर नागपुरात होते. लग्न छान झालं. मधल्या एका संध्याकाळी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला जाऊन आले. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळे चर्चसंघ नागपुरात एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं, ते इथंच. शाळेत असताना मी याच रस्त्याने सायकलवर जायचे आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

खरं तर मला स्मारकांची ओढ लागली ती पुण्यात, खडकीला. तिथल्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं आहेत. ते पुरलेत मात्र भारत-पाकिस्तानातल्या गावांच्या नि छावण्यांच्या दफनभूमींत, जिथं आता कबरींची निगा राखणं शक्य नाही. तेव्हापासून जुन्या छावणीच्या गावी गेले की मी आधी चर्च शोधते. कामठीची छावणी १८२१ ची, कन्हानच्या काठची. इथं काहीतरी असणारच असं वाटत होतं.

तिसऱ्यांदा गेले तो रविवार होता, पहिलं महायुद्ध थांबलं त्या ११ नोव्हेंबरच्या आधीचा, युद्धात गेलेल्यांची आठवण काढायचा. उपासना मराठीत होती. पेटीवर रेव्हरंड टिळकांचं भजन चाललं होतं आणि चाल इतकी आपल्या भजनाची की मी नकळत मांडीवर ताल धरला. मला कुणी परकं मानलं नाही. शेजारच्या मावशींनी न बोलता सरकून जागा दिली, पुस्तकातलं पान काढून दिलं. एवढ्या साध्या अगत्याने माझा दोन दिवसांचा राग गेला.

आणि मग ऊन चढलं.

आधी निळा पेटला. तो कोबाल्टचा निळा, काचेच्या अंगातच मुरलेला. त्यानंतर पिवळा. हा रंग काचेवर चांदीचं संयुग लावून भट्टीत भाजून काढतात, म्हणून त्याला मधासारखी झाक असते. मध्ये पांढरा घोडा. खिडकीचा खालचा भाग उन्हाळ्यांनी फुगून थोडा पुढे आलाय. शिसं मऊ, आणि नागपूरचा मे महिना त्याला दरवर्षी ताणतो. घोड्यावर तलवार घेतलेला तरुण, घोड्याच्या टापांखाली शत्रू. सेंट जॉर्ज, इंग्लंडचा रक्षक संत. युद्धस्मारकाच्या खिडक्यांत हा बऱ्याचदा असतो, म्हणजे नवल काही नव्हतं. तरी माझे हात गार पडले, कारण हा घोडेस्वार मी लहानपणापासून ओळखत होते. तो आमच्या देव्हाऱ्यात आहे.

आजोबांचे थोरले भाऊ महादू, कुहीकडचे. १९१७ मध्ये लेबर कोअर म्हणजे मजुरांच्या पलटणीबरोबर मेसोपोटेमियाला, आजच्या इराकात गेले आणि परत आले नाहीत. काही वर्षांनी टपालाने एक पदक आलं. घरात इंग्रजी कुणालाच वाचता येत नव्हतं. पदकाच्या एका बाजूला कुणा माणसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला हातात तलवार घेतलेला घोडेस्वार. आमचं कुलदैवत खंडोबा. पणजीला वाटलं, लेक गेला पण देवाने टाक पाठवला. तिने तो बाकीच्या टाकांशेजारी ठेवला, राजाचं डोकं खाली करून. दर चंपाषष्ठीला चिंच लावून तो घासायचा मान घरातल्या लहान मुलीचा. दहा वर्षं तो माझा होता. मी जीव लावून घासला, लखलखेपर्यंत.

हे पदक सैनिकांना चांदीचं मिळालं. हमाल, मजूर, कामगार पलटणींना ब्राँझचं. अशी ब्राँझची पदकं सुमारे १ लाख १० हजारच निघाली. त्यांच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. तिकडच्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण तिथं भारतीय साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली आकडा. मग मजुराचं नाव कुठं असणार? त्या कडेवरच असणार.

उपासना संपल्यावर काका मला डावीकडच्या भिंतीशी घेऊन गेले. तिथं पितळी पाटी होती, खाली झेंडूचा हार. पाटी आरशासारखी चमकत होती आणि तिच्यावर जवळजवळ काही वाचता येत नव्हतं. काका अभिमानाने म्हणाले, "दर शनिवारी घासतो जी. चिंचेनं."

मला बोलवेना. अक्षरांत भरलेली काळी लाख कधीच निघून गेली होती आणि अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या. पण यांना मी काय सांगणार? मग मोबाईलचा टॉर्च लावून तो पाटीला समांतर, अगदी भिंतीला टेकवून धरला. आडवा उजेड पडला की उथळ खाचेतही सावली बसते. एकेक नाव वर आलं. काका वाकून बघत राहिले. "इतके वर्सं पुसतो, पन नावं आजच पाह्यली," म्हणाले. आम्ही दोघांनी ती सगळी मोठ्याने वाचली. इंग्रजी आडनावं त्यांना जड जात होती, मी सांगायचे, ते मागून म्हणायचे. जाताना मी त्यांना एवढंच म्हटलं, काका, यापुढे नुसतं मऊ फडकं फिरवा.

रात्री दादाकडे जेवणं झाल्यावर देव्हाऱ्यातून पदक काढलं. वहिनीने दिवे मालवले. कड गुळगुळीत लागत होती, अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. दादाने टॉर्च आडवा धरला आणि मी पदक हळूहळू फिरवत गेले. आधी एक आकडा दिसला, अर्धा. पुढे बराच वेळ काही नाही. मग एम. ए. एच. त्यानंतरचं अक्षर ए असावं, किंवा आम्हाला तसं हवं होतं.

वहिनीने विचारलं, "परत देवात ठेवू ना?"

"ठेव," दादा म्हणाला. "पण आता चिंच नको लावू."